खोल्या वाढल्या, विहिरी त्याच

आमच्या मालवणजवळच्या देवबागचा नकाशा काढायला फार अक्कल लागत नाही. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि टोकाला संगम. या पाण्यापासून त्या पाण्यापर्यंत रमतगमत चाललं तरी पाच-दहा मिनिटं लागतात.

या पुळणीखाली गोडं पाणी आहे, ते पावसाचं. खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं बिचारं. कळशीने शेंदलं तर पुरतं. पंप लावून उपसलं की खालचं खारं वर चढतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून सगळी मोजदाद खोल्यांची, बोटींची आणि स्कूबावाल्यांची. सांडपाणी कुठे जातं हे विचारायला कुणी आलं नाही. रेतीत शोषखड्डा मारायचा नि मोकळं व्हायचं. शेजाऱ्याची विहीर हाकेच्या अंतरावर असली तरी. मे महिन्यात सासूबाई पहिला घोट घेतात आणि विचारतात, "चायत मीठ घातलंस काय गो?"

माझ्याही दोन खोल्या आहेत, त्यामुळे पर्यटक नकोत असं मी कशाला म्हणेन? बाटल्या फोडून जाणाऱ्यांना मात्र शिव्याच घालते. रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढणारी माणसं अनवाणी असतात, काच त्यांच्या पायात जाते. पण एखादा भला माणूस पिशवीभर कचरा गोळा करून आणतो आणि "वहिनी, कुठे टाकू?" विचारतो, तेव्हा माझी पंचाईत होते. कुंड्या ठेवल्या होत्या, त्याही भरतीचं पाणी येतं तिथेच. जूनच्या उधाणात कचऱ्यासकट गेल्या. आता माडाखाली जाळतात, नाहीतर पुरतात. म्हणजे पुन्हा विहिरीच्याच वाटेवर.

किनाऱ्यावर शौचालयही बांधलंय. चकचकीत टाइल्स, स्त्री-पुरुष पाट्या, वर काळी टाकी. नळाची जोडणी तेवढी नाही, म्हणून कुलूप. पुरुष सुरूच्या बनात जातात. बसमधून आलेल्या बायका आमचं बेडं ढकलून आत येतात, संकोचाने विचारतात. नाही कसं म्हणणार? म्हाताऱ्या असतात, लहान मुली असतात. मग आमचाच पंप पुन्हा चालू.

यंदा सेल्फी पॉइंट मंजूर झालाय म्हणे. मोजमाप घ्यायला आलेल्या माणसाला मी विचारलं, आधी त्या टाकीत पाणी चढवा की.

"त्याचा फंड वेगळा, वहिनी," म्हणाला, आणि टेपचं दुसरं टोक धरायला सांगितलं.