भट्टीचा मसाला आणि पिशवीवरचा आकडा

परसात लाकडावर चालणारी पावाची किंवा पिझ्झाची भट्टी बांधायची ठरली की सगळी चर्चा विटांभोवती फिरू लागते. वास्तविक विटेबाबत फारसे डोके खपवावे लागत नाही. बाजारात सर्रास मिळणारी 230 × 115 × 75 मिलीमीटरची साधी फायरक्ले (मोठी आच सोसणाऱ्या मातीची) वीट घरगुती भट्टीच्या आचेला पुरून उरते. अशी भट्टी निकामी होते ती बहुधा सांध्यांतून, आणि सांध्यात भरायच्या मसाल्याची निवड मात्र आपण दुकानदारावर किंवा गवंड्यावर सोपवून मोकळे होतो. आमच्या कोकणात तर या निवडीत आचेइतकाच पावसाचाही विचार करावा लागतो.

गवंडी साहजिकच नेहमीचा सिमेंट-वाळूचा माल सुचवतो. साध्या सिमेंटची ताकद पाण्याशी संयोग होऊन तयार झालेल्या संयुगांत असते. तापमान शंभर अंशांपुढे गेले की हे पाणी हळूहळू सुटू लागते आणि 400 ते 500 अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यातील कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे विघटन होऊन कळीचा चुना मागे उरतो. भट्टी गार झाल्यावर हा चुना हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि सांधा आतून फोडतो. त्यामुळे भट्टी पेटलेली असताना शाबूत दिसलेला सांधा विझल्यानंतर काही दिवसांनी बोटाने उकरता येतो. नदीच्या वाळूतील क्वार्ट्झ 573 अंशांवर एकाएकी प्रसरण पावते, ही आणखी एक अडचण. आपल्याकडे आता सर्वत्र वापरली जाणारी काळ्या दगडाची क्रश सँड या एका बाबतीत तरी नदीच्या वाळूपेक्षा बरी, कारण या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, क्वार्ट्झ जवळजवळ नसते.

भट्टीसाठी खास मिळणारे मसाले ढोबळमानाने तीन जातींचे असतात. पहिला, फायरक्ले आणि भाजलेल्या विटांचा चुरा यांचे निव्वळ मिश्रण. हा स्वस्त असतो, पिशवीवर 1500 अंश असा भारदस्त आकडा छापलेला असतो आणि म्हणूनच तो हमखास घेतला जातो. परंतु तो आकडा मसाला किती आच सोसेल हे सांगतो. त्याला घट्ट व्हायला किती आच लागेल, याबद्दल त्यात काहीच नसते. या मसाल्याचे कण एकमेकांत भाजून जुळायला साधारण हजार अंशांच्या आसपासची किंवा त्याहून अधिक उष्णता लागते. कारखान्यातल्या भट्टीत ती मिळते. पिझ्झाच्या भट्टीचा घुमट मात्र 400-500 अंशांवर थांबतो, आणि पावाला तर तेवढेही लागत नाही. परिणामी हा मसाला आयुष्यभर वाळलेल्या चिखलाच्याच अवस्थेत राहतो. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, हा समज येथे सपशेल खोटा ठरतो.

दुसऱ्या जातीत सोडियम सिलिकेट मिसळलेले असते. हा मसाला केवळ वाळल्यानेच कडक होतो, विटेला घट्ट धरतो आणि घरातल्या शेगडीला किंवा छपराखालच्या चुलाण्याला अतिशय योग्य असतो. त्याचे वैगुण्य म्हणजे पुरेसा तापेपर्यंत तो पाण्यात विरघळू शकतो. त्याचा चमचाभर गोळा विटेच्या तुकड्यावर थापून पूर्ण वाळवावा, रात्रभर पाण्यात ठेवावा आणि सकाळी नखाने खरवडून पाहावा. नख रुतले तर उघड्यावर, घुमटाच्या बाहेरच्या अंगाला तो वापरण्यात अर्थ नाही, कारण तिथपर्यंत पुरेशी आच पोहोचतच नाही.

तिसरी जात कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंटवर आधारलेली. हा मसाला पाण्यानेच घट्ट होतो, साधारण एका दिवसात कडक होतो आणि पावसाला दाद देत नाही. साध्या सिमेंटच्या मानाने तो बराच महाग पडतो, तरीही कोकणातल्या उघड्या भट्टीच्या घुमटासाठी मी हाच निवडेन. तो लवकर आवळतो, म्हणून एका वेळी घमेल्याच्या तळाशी मावेल इतकाच कालवावा आणि पहिला दिवसभर त्यावर ओले गोणपाट ठेवावे. ज्यांना हा खर्च परवडत नाही ते तीन भाग वाळू आणि सिमेंट, चुना, फायरक्ले प्रत्येकी एक भाग असे मिश्रण वापरतात. यातले सिमेंट सुरुवातीला आधार देते आणि पुढे ते निकामी झाले तरी चुना व माती काम निभावतात. पावाच्या भट्टीला ते चालते. रोज जळत्या लाकडांना खेटून राहणाऱ्या भिंतीला मात्र मी ते वापरणार नाही.

मसाला कोणताही असो, सांधा दोन-तीन मिलीमीटरहून जाड नसावा. गवंड्याच्या हाताला अर्ध्या इंचाची सवय असते, त्यामुळे हे पटवून द्यायला वेळ लागतो. वीट क्षणभर पाण्यात बुडवून काढावी, मसाला दह्याइतका सैल ठेवून पातळ लावावा, वीट किंचित फिरवत दाबावी आणि रबरी हातोडीने ठोकून जादा माल बाहेर येऊ द्यावा. घुमटाच्या बाहेरच्या बाजूला विटांमध्ये पाचरीसारख्या फटी उरतात. त्या नुसत्या मसाल्याने न भरता फायरक्ले विटेच्या कपच्या बसवून भराव्यात. तळाच्या विटांना मुळीच मसाला लावू नये. वाळू-फायरक्लेच्या पातळ थरावर त्या कोरड्याच बसवल्या म्हणजे तापल्यावर त्यांना सरकायला वाव मिळतो आणि एखादी फुटली तर ती बदलता येते. मीटरभर लांबीचे विटकाम 500 अंशांवर अडीच-तीन मिलीमीटर वाढते, म्हणून आतली भट्टी आणि बाहेरची शोभेची भिंत यांच्यामध्येही सिरॅमिक फायबरची पट्टी घालून जागा सोडावी. ती पट्टी कापताना तोंडाला मास्क हवाच, तिची धूळ फुप्फुसांना घातक असते.

बांधकाम आठवडाभर सावकाश वाळल्यावर पहिला जाळ काटक्यांचाच असावा. पुढचे पाच-सहा दिवस तो रोज थोडा वाढवत न्यावा, कारण आत अडकलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली तर मसाल्याचे टवके उडतात. पावसाळ्यानंतर भट्टी पुन्हा सुरू करतानाही दोन दिवस हाच क्रम पाळावा. एवढे करूनही केसाएवढ्या भेगा पडतातच; त्या बुजवू नयेत. गार असताना दिसणारी अशी भेग तापल्यावर मिटते, आणि तिच्यात मसाला कोंबला तर विटांना वाढायला जागा न राहून शेजारी नवी भेग पडते. ज्या भेगेतून धूर बाहेर येतो, तेवढीच खरवडून भरावी.