आईचा कूलर आणि माझं न गोठणारं पाणी

"पारा ४५च्या वर हाये, पण नवी खस बसवली ना, कूलर झकास चालून राहिला," आई नागपुरातल्या महाल भागातल्या घरातून सांगत होती. इकडे जर्मनीतल्या हायडलबर्गमध्ये मी द्रव नायट्रोजनपाशी सकाळ घालवून नुकतीच बाहेर आले होते. उणे १९६ अंश. बोटं अजून बधिर.

"तू काय करून राहिली?"

"पाणी गार करतेय. पण त्याचा बर्फ होऊ द्यायचा नाही."

"काहून बाप्पा?"

कुल्फीवरून सांगितलं. घरच्या फ्रीजरमध्ये कुल्फी हळूहळू गोठते, म्हणून दाताखाली बर्फाचे खडे येतात. मीठ-बर्फाच्या मटक्यातली पटकन गोठते, मऊ लागते. आम्हाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रथिनाचा फोटो काढायचा असतो आणि त्याच्याभोवती खडा नको. तो प्रथिनालाही छळतो आणि इलेक्ट्रॉनच्या झोतालाही. पाणी इतक्या झटक्यात थिजवायचं की रेणूंना रांग धरायला वेळच मिळू नये. मग ते काचेसारखं होतं. जाक द्युबोशे यांच्या चमूने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे जमवलं ते याच गावात, टेकडीवरच्या युरोपीय प्रयोगशाळेत. २०१७चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांना मिळून मिळालं.

नमुना थेट नायट्रोजनमध्ये बुडवून चालत नाही. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब स्वतःच्याच वाफेवर नाचतो ना, तसंच नमुन्याभोवती नायट्रोजन उकळतो आणि वायूचं कवच तयार होऊन थंडावा आत पोचायला वेळ लागतो. म्हणून नायट्रोजनने गार केलेलं द्रव इथेन वापरायचं.

खरी डोकेदुखी मात्र दमट हवा. ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर नमुन्याचा थेंब ठेवून तो टिपकागदाने टिपला की उरतो नॅनोमीटरमध्ये मोजायचा पापुद्रा. तो क्षणात सुकेल म्हणून यंत्राच्या डबीत जवळपास १०० टक्के आर्द्रता ठेवतात. जाळी इथेनमध्ये पडली की सगळं उलटं: आता बाहेरच्या हवेतल्या बाष्पाचा कणही नको, नाहीतर जाळीवर हिव, म्हणजे बर्फाचे बारीक कण, धरतं. म्हणजे डबीत नागपूरचा जुलै आणि डबीबाहेर नागपूरचा मे! माणसाचा श्वासही चालत नाही, म्हणून तोंडाला मास्क.

गेल्या आठवड्यात इथे वादळी पाऊस झाला. महिनाभर वाट पाहून मिळालेले सूक्ष्मदर्शकाचे दोन दिवस, आणि पडद्यावर काय, तर प्रथिनांऐवजी हिवाचे काळे ठिपके. शेकडो फोटो, बहुतेक कचऱ्यात. एकेका प्रथिनकणाचा फोटो इतका धूसर येतो की लाखो कणांची सरासरी काढल्याशिवाय आकार उमटत नाही. त्यातून हिव आलं की संपलंच.

"हवा दमट झाली की आपला कूलरही कामाचा राहत नाही," आई म्हणाली. "मग मे महिन्यात इथंच येऊन कर ना!"

मी हसले. पण खोलीतला आर्द्रतेचा काटा २० टक्क्यांच्या खाली आणायला इथे एक यंत्र रात्रंदिवस घरघरत असतं, आणि डोळे मिटले तर वाटतं, माडीवरच्या खिडकीत कूलर लागलाय.