तुम्ही विचारलंत म्हणून: शेतकऱ्याची लेक शास्त्रज्ञांच्या बाजूनं का बोलते

लग्नात, तेराव्याला, बसस्टँडवर, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, कुठंही गाठून लोक मला एकच विचारतात. "मॅडम, तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या. घरात चार पिढ्यांचा अनुभव असताना पुण्या-दिल्लीत एसीत बसून आकडे काढणाऱ्यांचं तुम्हाला खरं कसं वाटतं? त्यांना उद्याचा पाऊस सांगता येईना, आणि म्हणे २१०० साली पृथ्वी किती तापणार ते सांगतात." बऱ्याचदा विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. तरी एकदा नीट लिहून ठेवते.

सोपं आहे ते आधी. मृगात नेमका कोणत्या दिवशी पाऊस पडेल हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, पण पौषात पावसाच्या भरवशावर कुणी तिफण बाहेर काढत नाही. एका दिवसाचा पाऊस आणि तीस-चाळीस वर्षांची हवा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर चुकलं म्हणून दुसऱ्याचं चुकत नाही.

मग पुढचा प्रश्न येतो: सूर्याचंच काही चक्र कशावरून नसेल? सूर्यामुळं तापलं असतं तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापतेय आणि वरचा थर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला की हेच होणार, हे गणितानं आधीच सांगितलं होतं. माझ्या वडिलांना मावळतीकडं बघून वळीव येणार का ते कळायचं, आणि त्यांच्या शब्दावर आम्ही पापडांचं वाळवण कितीदा उचललंय. पण शिवाराच्या वर तीस किलोमीटरवर काय चाललंय हे त्यांना कसं कळावं? त्याला फुगे सोडावे लागतात, उपग्रह लागतात, आणि आयुष्यभर तेच एक काम करणारी माणसं लागतात. हे म्हटल्यानं वडिलांचा अपमान होतो असं मला वाटत नाही.

आता अवघड गोष्ट. २०१७ साल.

त्या एप्रिलमध्ये हवामान खात्यानं देशात सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला आणि जूनमध्ये तो वाढवून ९८ केला. टीव्हीवर दिवसभर तोच आकडा. आमची जमीन माजलगावच्या बाजूला, धाकटा भाऊ कसतो. जूनच्या सुरुवातीला पाऊस झाला. ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नये हे त्याला ठाऊक होतं, कृषी खातं दरवर्षी ओरडून सांगतं. पण मृग साधला तर उतारा चांगला येतो, आणि शेजारच्या सगळ्यांनी चाड्यावर मूठ धरलेली असताना एकट्यानं बांधावर बसून राहणं सोपं नसतं. त्यात ९८ टक्के. त्यानं सोयाबीन पेरलं, बियाणं उधारीवर.

मग पाऊस गेला तो गेलाच. आभाळ यायचं, वारं सुटायचं, आभाळ जायचं. मी रविवारी गावी गेले तेव्हा भाऊ मला काही न बोलता रानात घेऊन गेला. रोपं बोटभर उंचीची, पानं दुमडलेली, काळ्या रानाला भेगा पडायला लागलेल्या. त्यानं वाकून एक रोप उपटलं. उपटलं म्हणजे नुसतं धरलं, ते आपोआप हातात आलं, मुळाची माती पिठासारखी गळून गेली. ते रोप त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "हे घे आक्का, तुझं ९८ टक्के."

त्याच्या बायकोनं बचत गटातून उचल घेतली आणि दुबार पेरणी झाली. पहिल्या बियाण्याची उधारी तशीच अंगावर राहिली.

त्याच जुलैत आमच्याच तालुक्यातल्या आनंदगावचे शेतकरी दिंद्रुड पोलीस ठाण्यात गेले. चुकीच्या अंदाजामुळं आमची फसवणूक झाली, बियाणं आणि औषधांच्या कंपन्यांशी हवामान खात्याचं संगनमत आहे, अशी तक्रार त्यांनी दिली. स्टाफरूममध्ये ती बातमी वाचून लोक हसले. मला हसू आलं नाही. संगनमताचा आरोप मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. पण ठाण्याची पायरी चढताना त्या माणसांच्या पोटात काय होतं, ते मी माझ्या तळहातावर पाहिलं होतं.

हंगाम संपला. देशाचा पाऊस भरला ९५ टक्के. अंदाज देतानाच चार टक्के इकडंतिकडं होऊ शकतं असं खात्यानं सांगितलेलं होतं. म्हणजे आकडा बरोबर निघाला आणि आमचं सोयाबीन वाळलं. दोन्ही खरं.

तेव्हा मी भावाला समजावत होते की अरे, तो आकडा अख्ख्या देशाचा, केरळपासून आसामपर्यंतचा, तुझ्या चार एकरांचा नाही. आज त्या वेळच्या मला विचारावंसं वाटतं, बाई गं, मग चार एकरांचा आकडा कुठं होता? देशाचा आकडा टीव्हीवर देणाऱ्यांना हा आपल्या कामाचा नाही हे शेतकऱ्याला सांगावंसं का वाटलं नाही? यावर ती जुनी मी मला उलट विचारते: चार एकरांचा आकडा कुणाकडंच नसेल, तर तो मनानं बनवून देणारा खरा ठरतो का? हे भांडण माझ्या डोक्यात अजून मिटलेलं नाही.

कारण तसे बनवून देणारे आता गावोगाव झालेत. त्यांची नावं घेत नाही. सकाळी व्हॉट्सॲपवर आवाज येतो: अमुक तारखेला बीड, परभणी, जालना, धो धो पाऊस, ओढे-नाले एक होतील. भाऊ ते ऐकतो, पुढं पाठवतो. एका हंगामात मी त्यातल्या एकाच्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहीत गेले आणि आमच्या महसूल मंडळातल्या यंत्रानं मोजलेला पाऊस शेजारी टिपत गेले. दिवाळीला ते कॅलेंडर भावापुढं ठेवलं. त्यानं दोन पानं उलटली आणि बाजूला सारलं.

"त्यो चुकतो, मला बी म्हाईत हाय. पर त्यो आपल्यासंग बोलतो तरी. तुझे शास्त्रज्ञ कुनासंग बोलत्यात?"

मी गप्प बसले. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पण हेही लिहायलाच हवं की शास्त्रज्ञांची चूक शोधायला मला कॅलेंडर लिहावं लागत नाही, ती त्यांनीच छापलेली असते. २०१९ ला ९६ टक्के म्हणाले, पडला ११०. २०१५ ला एप्रिलमध्ये ९३ म्हणाले, जूनमध्ये ८८ वर आणलं, पडला ८६. उघड्यावर चुकणाऱ्या माणसाला सुधारता येतं. व्हॉट्सॲपवरचा कालचा आवाज आज कुणी ऐकत नाही, त्यामुळं तो कधी चुकतच नाही.

तुम्ही म्हणाल, हौशी माणूस कधी बरोबर नसतोच का? असतो. गाय कॅलेंडर नावाचा इंग्रज वाफेच्या यंत्रांचा इंजिनिअर होता, हवामानाचा त्याला छंद. जगभरच्या ठाण्यांचे तापमानाचे आकडे त्यानं स्वतः गोळा केले आणि १९३८ मध्ये तज्ज्ञांपुढं मांडलं की पृथ्वी तापतेय आणि कोळसा जाळल्यानं तापतेय. तज्ज्ञांना ते फारसं पटलं नाही. पण त्यानं आपला हिशेब त्यांच्या हातात दिला होता, हवा तितका तपासा म्हणून. पुढं १९५८ पासून हवाई बेटांवर कार्बन डायऑक्साइड रोज मोजायला लागले, तेव्हा तो दहा लाखांत ३१५ भाग होता. आता ४२० च्या वर गेलाय. माझा राग हौशी माणसावर नाहीच. हिशेब न दाखवता तारीख देणाऱ्यावर आहे.

आणि हा राग एकाच बाजूचा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा भाषणांमधून सगळं खापर हवामान बदलावर फोडलं गेलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं हे खरं. पण त्याच खोऱ्यात उसाला पाणी किती गेलं, बोअर किती खोल गेले, हा हिशेब कुणी मांडायचा? दुष्काळ आपल्याकडं दुर्गादेवीच्या दुष्काळापासून आहेत. बहात्तरचा सांगणारे घरोघर आहेत. दुष्काळ नवा आहे असं शास्त्रज्ञ म्हणतच नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलं ते वेगळं आहे: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि एकूण पाऊस मात्र वाढला नाही. अरबी समुद्र तापला, त्याच्याकडून येणाऱ्या बाष्पाचे लोंढे जोरदार झाले. महिनाभर खंड आणि मग एका रात्रीत रान खरडून नेणारा पाऊस, हे भाऊ स्वतः सांगतो. त्याचा अनुभव आणि तो निबंध एकच गोष्ट सांगतात. तो ती त्यांच्या तोंडून ऐकायला तयार नाही, एवढंच.

मग त्यांनी त्याच्याशी बोलावं कसं? याची एक सोय होती. २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं उघडली होती, देशभरात १९९. तालुक्याच्या पातळीवरचा सल्ला, त्या त्या भाषेत, आणि फोन केला तर उचलणारा माणूस. २०२४ मध्ये ती बंद केली. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी अजून येतो, मी तो भावाला पाठवते. कधी वाचतो, कधी नाही.

शास्त्रज्ञांवर माझा विश्वास का, हे तुम्ही मला इतक्यांदा विचारलंत. ती केंद्रं का बंद झाली, हे मात्र मला आजवर एकानंही विचारलेलं नाही. मला नका विचारू. मत मागायला दारात येतात त्यांना विचारा.