तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकला का गेलो?

मुंजीत, बारशात, जुन्या ग्रुपच्या गेट-टुगेदरमध्ये, कुठेही भेटलं की तेच. "फोर्टातली पर्मनंट नोकरी सोडून नाशिकला का गेलीस गं?" माझी उत्तरं ठरलेली आहेत. हवा चांगली, इंदिरानगरला सासऱ्यांचं घर, मुलीला आजी-आजोबा. यातलं खोटं काहीच नाही, पण खरं कारणही नाही.

लोकलची गर्दी तर मुळीच नाही. सातव्या महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या बायकांनी लेडीज डब्यात माझं डोहाळजेवण केलं होतं. फुलांची वेणी, हिरव्या बांगड्या, कुणाच्या तरी डब्यातल्या पुरणपोळ्या, सगळं काही. ठाण्याला चढलेल्या अनोळखी बाईनेही ओटी भरली. त्या गाडीबद्दल माझ्यासमोर वाईट बोलू नका.

आणि नाशिक तेव्हाही समोर होतंच. 2016 मध्ये नवऱ्याला अंबडच्या एका कंपनीत नोकरी मिळत होती. मीच नको म्हटलं. "नाशिक चार दिवस जायला बरं. रोज संध्याकाळी सहाला घरी येऊन मी करू काय?" हे माझं वाक्य, शब्दशः. आता एका सीएच्या ऑफिसातून निम्म्याहून कमी पगारावर सहाला घरी येते, तेव्हा ती बाई आठवते. मूर्ख नव्हती ती. तिला फक्त पुढचं माहीत नव्हतं.

मुलगी जानेवारी 2017 ची. एप्रिलपासून बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली, मला ती मिळाली, जुलैत कामावर रुजू झाले. त्याच कायद्यात 50 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, असंही होतं. पण फोर्टातल्या पाळणाघराचा डोंबिवलीच्या बाईला उपयोग काय? सहा महिन्यांचं बाळ घेऊन सकाळच्या फास्टमध्ये चढायचं? म्हणून घराजवळच्या काकूंचं पाळणाघर. सकाळी फ्रिजमधल्या, माझ्याच काढून ठेवलेल्या दुधाच्या दोन बाटल्या त्यांच्याकडे द्यायच्या, संध्याकाळी मुलगी घ्यायची.

29 ऑगस्ट 2017. गणपतीचे दिवस. दुपारपर्यंत रुळांवर पाणी चढलं होतं, गाड्या बंद. सीएसएमटीवर दोन तास उभी राहून ऑफिसात परत आले. नवरा अंधेरीत अडकलेला. सातला काकूंचा फोन. "दोन्ही बाटल्या संपल्या गं. पावडरचं देऊ का?" मी म्हटलं, द्या. दुसरं काय म्हणणार होते?

नऊपर्यंत छाती दगडासारखी झाली होती. ब्लाउज भिजला, वर ओढणी घेऊन बसले. रात्री जवळच्या गणपती मंडळाची मुलं मसालेभात देऊन गेली. सगळे जेवत होते, फायलींवर डोकं टेकून झोपत होते, आणि मला हात वर करता येत नव्हता. एकच्या सुमाराला बाथरूममध्ये गेले. कडी तुटकी होती, म्हणून आमच्यातली बदलापूरची एक जण बाहेर दाराला टेकून उभी राहिली. बेसिनवर वाकून हाताने दूध काढलं. पहिल्यांदा येईचना, मग धारच लागली. नळाच्या पाण्याबरोबर ते जाळीतून जात होतं आणि बेसिनच्या कडेला ठेवलेल्या मोबाइलवर काकूंनी पाठवलेला फोटो: साडीच्या झोळीत माझी मुलगी, पोट भरून झोपलेली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला पोचले. ती काकूंच्या मांडीवर नाचणीचं सत्त्व खात होती. माझ्याकडे बघून हसली आणि परत चमच्याकडे वळली. रडली नाही, झेपावली नाही. "गुणाची आहे हो, रात्रभर त्रास नाही," काकू म्हणाल्या. मी विचारलं, रात्रीचे किती द्यायचे? त्यांचा चेहरा उतरला. "रात्रीचे कसले पैसे घेऊन बसलीस?"

दिवाळीत राजीनामा दिला.

"एका पावसासाठी?" असं नणंद म्हणाली होती. बरोबर आहे तिचं. गाड्या दर पावसाळ्यात बंद पडतात. आमच्या डब्यातल्या बायकांनी दोन-दोन मुलं पाळणाघरात वाढवली आणि ती छान वाढली. मी मुलीसाठी सोडली म्हटलं की त्यांना वाटतं, मी त्यांना बोल लावतेय. म्हणून मग हवा, पाणी, आजी-आजोबा. आणि नीट पाहिलं तर मुलीसाठी सोडली हेही धड खरं नाही. तिचं काय अडलं होतं? ती खात होती, झोपत होती. अडलं होतं माझं.

अंबडची ती नोकरी तोवर दुसऱ्या कुणाला मिळाली होती. त्यामुळे नवरा पंचवटी एक्स्प्रेसने अप-डाउन करू लागला. सातच्या सुमारास नाशिकरोड, दादरला उतरून अंधेरी, सव्वासहाला सीएसएमटीहून सुटणारी पंचवटी पुन्हा दादरला पकडायची, रात्री दहानंतर घरी. मार्च 2020 पर्यंत हेच. मुलगी निजलेली असताना जायचा, निजलेली असताना यायचा. मला जे एका रात्रीत सोसलं नाही ते त्याने सव्वादोन वर्षं केलं, आणि कुणी त्याला विचारलं नाही, मीसुद्धा नाही. कसाऱ्याच्या घाटात गाडी अडकून तो एकदा पहाटे दोनला आला. मी मुलीजवळ गाढ झोपले होते. दार सासऱ्यांनी उघडलं. आता आठवड्यातले तीनच दिवस जातो. मी त्याला विचारलं, तेव्हा अंबड घ्यायला हवं होतं का? म्हणाला, "तू नको म्हणालीस." एवढंच.

काकूंना दर गणपतीत फोन करते. त्यासुद्धा विचारतात, पण त्यांचा प्रश्न वेगळा. "त्या रात्री मी पावडरचं दूध दिलं, म्हणून गेलीस का गं?" मी म्हणते, छे हो काकू, मीच तर द्या म्हटलं होतं. मग घाईने त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करते.