बंद होता होईना: जुन्या लॅपटॉपची नोंदवही, भाग ३

मागच्या भागात रॅम ४ जीबीवरून ८ केली, मिंट २१.३ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमचा एक प्रकार) टाकलं आणि ‘आता मशीन तयार’ असं लिहून मोकळा झालो. दुसऱ्याच दिवशी सकाळी सॅक उचलली तर तळ गरम. डबा ठेवला नव्हता. रात्री ‘बंद’ करून ठेवलेला लॅपटॉप आतल्या आत चालूच होता आणि बॅटरी पार आटली होती.

तर हा भाग फक्त ‘शट डाउन’वर. मशीन २०१४ चं, सेकंडहँड, मूळ मालकाने झाकणावर गणपतीचा स्टिकर लावलेला. तो मी काढलेला नाही.

पहिला शनिवार

लक्षण असं: शट डाउन म्हटलं की मिंटचा लोगो बराच वेळ गरगरतो, मग स्क्रीन काळी. पण पॉवरचा पांढरा दिवा पेटलेला आणि पंखा सुरूच. दुपारी लाइट गेली, घरातला पंखा थांबला, तेव्हा तो बारीक घूं आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. आई म्हणाली, “अरे, तुझा तो डबा अजून घुरघुरतोय बघ.” पॉवरचं बटण दाबून धरलं की चार सेकंदांनी मरतो. ही चार सेकंदांची सोय एसीपीआयच्या (ऑपरेटिंग सिस्टम आणि हार्डवेअर यांच्यात वीज हाताळायचं ठरलेलं मानक) नियमातच आहे. ऑपरेटिंग सिस्टम ऐकत नसेल तेव्हाचा शेवटचा उपाय.

आणि इथे मी शहाणपणा केला. नेटवर सापडलेले पाच उपाय एकदम लावले. त्यातला एक होता कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) ‘एसीपीआय=ऑफ’, म्हणजे एसीपीआय वापरू नको असा हुकूम, देणं. म्हणजे पाय मुरगळला म्हणून पायच बांधून टाकण्यातला प्रकार! मशीनची वीज सॉफ्टवेअरने तोडायची ती याच एसीपीआयच्या वाटेने. शेवटी ऑपरेटिंग सिस्टम पीएम१ कंट्रोल रजिस्टर या हार्डवेअरमधल्या कप्प्यात ‘एस५’चा, म्हणजे पूर्ण बंद अवस्थेचा, आकडा लिहिते आणि १३ क्रमांकाचा बिट चढवते, मग हार्डवेअर वीज तोडतं. ती वाटच बंद केल्यावर लॅपटॉप सगळं आवरून नुसता बसून राहिला.

ज्यांनी विंडोज ९५ च्या काळात कॉम्प्युटर क्लास केलाय त्यांना काळ्या पडद्यावरची ती नारिंगी अक्षरं आठवतील: आता संगणक बंद करायला हरकत नाही. मग आपण हाताने खटका दाबायचा. क्लासमध्ये तो खटका दाबायचा मान सरांचा असे. एसीपीआयची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ ची, आणि पुढे तो खटका विस्मरणात गेला. मी माझ्या हाताने तो परत आणला.

पाचही उपाय काढले. पाटी कोरी.

रविवार

आधी प्रश्न एकच: अडतं नेमकं कुठे? बंद होणं ही एक क्रिया नाही, उतरंड आहे. आधी तुमचे प्रोग्रॅम, मग सर्व्हिसेस (मागे चालणारी कामं), मग डिस्क अनमाउंट (जोडणी सोडवणं), मग कर्नल डिव्हाइसेसना ‘आवरा’ सांगतं, आणि सगळ्यात शेवटी वीज. कोणतं मडकं अडलंय ते कळल्याशिवाय औषध देण्यात अर्थ नाही.

हार्डवेअरवर संशय होता म्हणून आधी जुन्या डिस्कवरचं विंडोज १० चालवलं. इथे एक सापळा आहे. विंडोज ८ पासून (२०१२) ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात शट डाउन म्हटलं की तुमचं सेशन बंद होतं, पण कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते, हायबरनेटसारखी. टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री बंद करणाऱ्या माणसालाही तिथे नऊ-नऊ दिवस दिसतात. म्हणून साधं शट डाउन चाचणीला चालत नाही. शिफ्ट दाबून शट डाउन करायचं, मग ते खरंखुरं पूर्ण बंद होतं. तसं केलं. चारच सेकंदांत दिवा गेला, पंखा गेला. म्हणजे बोर्ड ठीक, बायोस ठीक, गडबड लिनक्सकडची. निम्मं मैदान एका चाचणीत साफ.

मग मिंटच्या ग्रबमधून (मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टम चढवणारा प्रोग्रॅम) ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द उडवले, म्हणजे लोगोच्या पडद्याआड काय चाललंय ते दिसेल. (घाईत असाल तर लोगो गरगरत असताना एस्केप दाबला तरी चालतं.) आणि काय दिसलं? ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ (काहीतरी थांबवायचं काम चालू आहे), पुढे माझ्या गाण्यांच्या फोल्डरचं नाव, आणि घड्याळ: १ मिनिट ३० सेकंदांकडे सरकणारं.

सिस्टमडी (सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा लिनक्सचा कारभारी) कुठल्याही कामाला थांबायला साधारण ९० सेकंद देतं, मग जबरदस्तीने मारतं. माझं गाण्यांचं फोल्डर म्हणजे राउटरला लावलेला पेनड्राइव्ह, नेटवर्कवरून माउंट केलेला. माउंट सोडवायला वायफाय लागतं, आणि वायफाय आधीच गेलेलं! का गेलं, त्यावर तासभर घालवला. वायफायचं कनेक्शन फक्त माझ्या नावावर सेव्ह झालेलं होतं. माझं सेशन संपलं की नेटवर्क मॅनेजर ते तोडणार, आणि मागे माउंट बिचारं दार वाजवत बसणार. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये ‘सगळ्या वापरकर्त्यांना चालेल’ ही टिक मारली. बस्स. स्टॉपवॉचवर १ मिनिट ४१ सेकंदांवरून काळ्या स्क्रीनपर्यंत ७ सेकंद.

काळ्या स्क्रीनपर्यंत. दिवा पेटलेलाच.

म्हणजे दुखणी दोन होती आणि मी त्यांना एक समजत होतो. शनिवारच्या पाच उपायांतून काही निघालं नाही ते यामुळेच: एक बरोबर बसला असता तरी दुसऱ्या दुखण्याने लक्षण तसंच ठेवलं असतं.

आठवड्यातल्या संध्याकाळी

जर्नलसीटीएल या कमांडने आधीच्या बूटची (मशीन चालू होऊन बंद होईपर्यंतची) नोंद बघितली. सगळ्या सर्व्हिसेस नीट थांबलेल्या. पण ही नोंद अपुरीच असते, कारण शेवटी जर्नल लिहिणाराही झोपी जातो. त्यापुढचं फक्त स्क्रीनवर उमटतं आणि क्षणात जातं. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला. शेवटची ओळ: ‘रीबूट: पॉवर डाउन’.

नवीन मंडळी इथे चमकतात की बंद करायला सांगितलं तर रीबूट कुठून आलं. ‘रीबूट’ हा त्या ओळीचा नुसता शेपटा आहे, म्हणजे खरं तर शेंडी, कारण पुढे लागते. कर्नलच्या ज्या फाइलमधून संदेश येतो तिचं नाव ते. कामाची गोष्ट अशी की ही ओळ उमटली म्हणजे कर्नलने आपल्या बाजूने सगळं आवरलं आणि वीज तोडायचा हुकूम द्यायलाच गेलं. मग कुठल्या तरी ड्रायव्हरने हार्डवेअरला अशा अवस्थेत सोडलं असणार की तो हुकूम लागू पडत नाही.

आता कंटाळवाणं काम. चालू करा, एक मॉड्यूल (कर्नलला जोडलेला ड्रायव्हर) ‘मॉडप्रोब -आर’ या कमांडने काढा, शट डाउन करा, दोन मिनिटं थांबा, दिवा बघा, बटण दाबून मारा, वहीत फुली मारा. कार्ड रीडर: फुली. ब्लूटूथ: फुली. वायफाय: फुली. आवाज: फुली. बुधवारी ‘एमईआय_एमई’ काढला. हा चिपसेटमधल्या मॅनेजमेंट इंजिनशी बोलणारा ड्रायव्हर. शट डाउन केलं आणि दिवा गेला. पंखा गेला. मी तरी दोन मिनिटं बघत बसलो, सवयीने.

एकदा जमलं म्हणजे जमलं असं नाही. तीनदा मॉड्यूल काढून: तिन्हीदा बंद. तीनदा न काढता: तिन्हीदा दिवा चालू. तेव्हा कुठे मानलं.

कायमचं करायला मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये ब्लॅकलिस्टची (हा ड्रायव्हर चढवू नको असं सांगणारी) एक ओळ, आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीला कर्नलसोबत चढणारा फाइलींचा छोटा गठ्ठा) नव्याने बनवणं. गुरुवारी हे करूनही दिवा चालू राहिला आणि मी चक्रावलो. फाइलच्या नावाला ‘.कॉन्फ’ हे शेपूट लावलेलं नव्हतं. ते नसेल तर मॉडप्रोब त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही, तक्रारही करत नाही. नाव बदललं, झालं.

या ड्रायव्हरवाचून घरगुती वापरात माझं काही अडलेलं नाही. ऑफिसच्या मशीनवर दूरवरून देखभाल होत असेल तर मात्र आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय हे करू नका.

आजची स्थिती

२२ वेळा बंद केला, २२ वेळा बंद झाला. सरासरी ८ सेकंद. सॅकेत रात्रभर ठेवला, सकाळी तळ गार, बॅटरी ९४ वरून ९४ टक्के. पुढच्या मोठ्या कर्नल अपडेटनंतर ती ब्लॅकलिस्टची ओळ काढून पुन्हा तीन-तीन चाचण्या घेणार आहे. तोवर उजवी बिजागरी. झाकण उघडताना करकरतं, एक स्क्रू गायब आहे. एम२.५ मापाचा बसेल असं वाटतंय, पण लांबी मोजायला डावीकडचा काढावा लागेल, आणि तो गंजून बसलाय.