रामकुंडाचा बीओडी आणि आमची लायब्ररी

आमच्या कॉलेजात एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र सुरू करायचं घाटतंय. नवा अभ्यासक्रम म्हटला की विद्यापीठाची समिती आली, आणि समिती आली की तिच्या फॉर्मात ग्रंथालयाचं पान आलंच. रकाने ठरलेले: विषयाची पुस्तकं किती, शीर्षकं किती, जर्नल्स किती, वाचनकक्षात किती जण बसतात. मी नाशिकच्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि असली पानं भरण्यात माझी निम्मी नोकरी गेलीय. ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या संगणकावरच्या सूचीत, ‘एन्व्हायर्नमेंट’ टाकायचं, येईल तो आकडा उतरवायचा, सही-शिक्का करून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायचा. आकडा नेहमीच भरघोस येतो.

तो भरघोस का येतो, हे कपाटासमोर उभं राहिलं की कळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. कॉमर्सच्या मुलाला, आर्ट्सच्या मुलीला, सगळ्यांनाच. तेव्हापासून दर वर्षी त्याच त्या पातळ पुस्तकांच्या गठ्ठ्यानं प्रती घेतल्या गेल्या. पहिल्या प्रकरणात परिसंस्था, शेवटच्यात लोकसंख्या, मध्ये ओझोनच्या थराचं चित्र. त्यांचं काम ती चोख करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण एम.एस्सी.ला बसलेल्या मुलाला त्यांचा काही उपयोग नाही. समितीच्या रकान्यात मात्र ती सगळी दिमाखात मोजली जातात.

दुसऱ्या बाजूनं, जी खरंच लागणारी पुस्तकं आहेत ती या आकड्यात येतच नाहीत. पुस्तकं ज्या विषय-क्रमांकांनी कपाटात लावतात त्या ड्यूईच्या वर्गीकरणात पर्यावरणशास्त्राला एक घर नाही. परिसंस्था ५७७ मध्ये, प्रदूषणाचा सामाजिक प्रश्न ३६३.७ मध्ये, सांडपाणी प्रक्रिया ६२८ मध्ये म्हणजे थेट इंजिनिअरिंगच्या कपाटात, पाणी-हवामान ५५१ मध्ये, रासायनिक पृथक्करण ५४३ मध्ये, संख्याशास्त्र ५१९.५ मध्ये आणि कायदे ३४४ मध्ये. म्हणजे या एका अभ्यासक्रमासाठी अख्खी लायब्ररी पालथी घालायची. मी आणि आमचे अटेंडंट मामा, दोघांनी घातली. मामा स्टुलावर चढून पुस्तक काढून देत, मी मागची तारखेची पट्टी बघे. ६२८ मधलं सांडपाण्यावरचं एक जाडजूड पुस्तक हाती आलं. घेतल्यापासून पट्टीवर दोनच शिक्के, दोन्ही एकाच वर्षातले, मध्ये काही पानं तशीच न फाडलेली. मामा म्हणाले, “मॅडम, याला तर वाळवीनंही हात नाही लावला.” त्याच फळीवर शेजारी संख्याशास्त्राचं चुकून आलेलं पुस्तक मात्र पार खिळखिळं, पाठ सुटलेली, दोनदा बाइंडिंग केलेलं. शिक्के मारायला जागा उरली नाही म्हणून पट्टीवर पट्टी चिकटवलेली. असं पुस्तक दिसलं की मी नव्या प्रतीची मागणी लिहूनच टाकते, ते कुठल्या विभागाचं हे बघत बसत नाही.

अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांनी १९८०च्या सुमाराला कॉन्स्पेक्टस नावाची पद्धत काढली होती. विषयाच्या संग्रहाला शून्य ते पाच अशी पातळी द्यायची. शून्य म्हणजे तो विषय आपल्या कक्षेतच नाही, तीन म्हणजे शिकवण्यापुरता संग्रह, चार म्हणजे संशोधनाला पुरेल असा, पाच म्हणजे सर्वंकष. लायब्ररी सायन्सच्या परीक्षेत आम्ही सगळ्यांनी यावर टीप लिहिली, मार्क घेतले आणि विसरलो. मला ती आता उपयोगी वाटली, कारण नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एम.एस्सी.ला पहिल्याच सत्रात रिसर्च मेथडॉलॉजी आहे आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रात मिळून १० क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. म्हणजे संग्रह तीनवर असून भागत नाही, निदान काही भागांत तरी चारकडे जायला हवा. पण कुठला भाग कितीवर आहे हे ठरवायचं कसं? पुस्तकं मोजून तर नाही.

मग मी एक प्रश्न घेतला. नाशिकचा कुठलाही विद्यार्थी घेणारच असा: गोदावरीवरच्या रामकुंडाच्या पाण्याचा बीओडी (घाणीचं एक माप) किती आणि ते पाणी आंघोळीच्या मानकात बसतं का? बी.एस्सी.च्या प्रोजेक्टांमध्ये हा विषय इतक्यांदा येऊन गेलाय की मुखपृष्ठ बघून मी आतला निष्कर्ष सांगू शकते. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे, आता तर विचारूच नका. तो प्रश्न घेऊन विद्यार्थी होऊन लायब्ररीत फिरायचं आणि ती आपल्याला कुठवर नेते ते बघायचं, असं ठरवलं.

पहिला टप्पा सोपा गेला. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप, हे चार पुस्तकांत मिळालं. बाटली बुच लावून अंधारात ठेवायची, आधीचा आणि नंतरचा विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. किती दिवस? परदेशी पुस्तकं एकमुखानं सांगतात: २० अंश सेल्सिअसला पाच दिवस. आता गंमत बघा. आपल्याकडे भारतीय मानक आयएस ३०२५, भाग ४४ प्रमाणे ही चाचणी २७ अंशांना तीन दिवस करतात. आपल्या हवेला ते धरून आहे. नाशिकच्या मे महिन्यात वीस अंश राखायचे म्हणजे इन्क्युबेटरला गारवाच पुरवत बसायचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आंघोळीच्या पाण्याचा निकषही तीन दिवस-२७ अंश असाच आहे: बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी, विरघळलेला ऑक्सिजन ५ किंवा जास्त, विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असावेत आणि २,५०० च्या वर तर नकोतच. आमच्या कपाटातल्या एकाही पुस्तकात हे नाही. एखादीनं पाच दिवसांचा आकडा काढून तीन दिवसांच्या निकषाशी ताडून पाहिला, तर ती तुलनाच धड ठरणार नाही. आणि तिला सावध करेल असा एक कागद आमच्या लायब्ररीत नव्हता.

यात पैशांचा प्रश्नच नाही. भारतीय मानक ब्युरोची ही मानकं त्यांच्या साइटवर नोंदणी करून फुकट उतरवता येतात. पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० देखील. छापायची, बाइंडिंग करायची, दाखल रजिस्टरात नोंद करून ओपॅकवर आणायची. पुस्तकविक्रेत्याच्या यादीत ती कधी येत नाहीत, कारण त्यात त्याला कमिशन नाही, म्हणून आमच्याही लक्षात येत नाहीत.

पाणी तपासणीच्या पद्धतींचा जो अमेरिकन ग्रंथ जगभर वापरतात, १९०५ पासून निघतोय आणि आता चोविसाव्या आवृत्तीला पोचलाय, तो ओपॅकवर होता. जुनी आवृत्ती, पण होता. कपाटात मात्र नव्हता. रजिस्टर उलटलं तर रसायनशास्त्र विभागाच्या नावावर, कधीचा ते सांगत नाही. विभागप्रमुख मॅडमना विचारलं.

“अहो, तो लॅबमध्येच बरा आहे. रोज लागतो.”

“रोज?”

“म्हणजे… लागला की हाताशी असतो.”

डिपार्टमेंटल लायब्ररी नावाचं जे काचेचं कुलूपबंद कपाट असतं, त्याविषयी मला बरंच काही लिहायचं आहे, पण मला याच कॉलेजात निवृत्त व्हायचं आहे. नव्या आवृत्तीची मागणी लायब्ररीच्या नावानं टाकली आणि कंसात लिहिलं: ‘केवळ संदर्भासाठी, बाहेर दिले जाणार नाही.’

कायद्यांचं लवकर उरकलं. पाणी कायदा १९७४चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा, पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना २००६ची. आमच्या प्रती बऱ्याचशा त्यानंतरच्या दुरुस्त्यांच्या आधीच्या. ई-कचऱ्याचे नियम २०१६चेच, २०२२चे नवे आले हे कपाटाला माहीत नाही. कायद्याचं जुनं पुस्तक नसलेल्या पुस्तकापेक्षा वाईट, हे माझं ठाम मत आहे. ती सगळी राइट-ऑफच्या यादीत टाकली.

जर्नल्सचं तसं नाही, तिथे वेळ गेला. शोधगंगेवरून नदीच्या पाण्यावरचा एक पीएच.डी.चा प्रबंध घेतला, त्याची संदर्भसूची काढली आणि वाचनकक्षातल्या कॉम्प्युटरवर बसून एकेक संदर्भ उघडून पाहिला. माझ्या लॉगिननं नाही, विद्यार्थ्याच्या. आमच्याकडे एन-लिस्ट ही कॉलेजांसाठीची ई-जर्नल्सची सामाईक योजना आहे. वर्गणी आमच्यासारख्यांना परवडणारी आणि जर्नल्स सहा हजारांवर, त्यामुळे फॉर्मातला आकडा पुन्हा झकास. पण पर्यावरणातले ज्यांच्याशिवाय पान हलत नाही असे कितीतरी निबंध एल्सेव्हियर या प्रकाशकाच्या जर्नल्समध्ये आहेत, आणि ती एन-लिस्टमध्ये नाहीत. गोषवारा दिसतो, पुढे दार बंद. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ती आहेत: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. पण ती केंद्र आणि राज्याच्या सरकारी संस्थांसाठी. शिक्षणसंस्थेनं चालवलेलं आमचं कॉलेज त्यात बसत नाही. याउलट ‘करंट सायन्स’सारखं १९३२ पासूनचं भारतीय नियतकालिक सगळं खुलं मिळतं, ते मुलांना कुणी सांगतच नाही. बंद निबंध मुलं कुठून उतरवतात हे मला ठाऊक आहे. त्या साइटचं नाव अहवालात लिहिता येत नाही, एवढंच. त्याऐवजी डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासदत्व मागितलं. तिथून निबंधाची प्रत मागवता येते, चार दिवस थांबायची तयारी हवी.

आणि शेवटी रामकुंड. पाणी कसं तपासायचं हे कळलं, निकष मिळाला, जगातल्या नद्यांवर कोण काय म्हणतं तेही अर्धंमुर्धं मिळालं. पण या नदीचं काय? गेल्या वीस वर्षांत गोदावरीचं पाणी कसकसं बदललं, नासर्डी-वाघाडी या उपनद्या कुठे काय आणून टाकतात, गंगापूर धरणातून किती पाणी सुटल्यावर घाटावर किती चढतं, यातलं काही विकत मिळत नाही. ते अहवालांत असतं. महापालिकेचे पर्यावरण सद्यस्थिती अहवाल, दिंडोरी रोडच्या मेरीतलं (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेतलं) १९५९ पासूनचं काम, नांदूर मधमेश्वरच्या पक्षिगणनेची टिपणं (२०१९ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ते, आपल्याच जिल्ह्यातलं). १८८३चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर तेवढं नेटवर मिळतं. पूर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागला की छातीला, ही नाशिककरांची मोजपट्टी. १९६९चा पूर कुठवर आला होता हे जुन्या पंचवटीतली माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्याचं मीटरमध्ये रूपांतर करायला निघालेल्या मुलीला मी कुठल्या कपाटाकडे पाठवू? १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय गावात आहे, तिथे चौकशी कर म्हणेन. पण आमचं स्वतःचं एक कपाट असायलाच हवं.

प्राचार्यांनी अहवाल चाळला. “मॅडम, समितीला आकडा हवा असतो हो.” आकडा दिलाय, म्हटलं, पहिल्याच पानावर आहे. खाली विषयवार पातळ्या: रसायन आणि संख्याशास्त्र तीन, सूक्ष्मजीवशास्त्र तीनच्या जरा अलीकडे, सांडपाणी दोन, कायदे एक, स्थानिक संदर्भ शून्य. शून्य पाहून ते थबकले. “हे असं लिहायचं? कक्षेतच नाही?” मी म्हटलं, आजवर नव्हतंच की. थोडा विचार करून त्यांनी पेन्सिलनं शून्याच्या पुढे ‘काम सुरू’ असं लिहिलं आणि सही केली.

तर काम सुरू आहे. पाटबंधारे खात्यात, पाणीपुरवठ्यात किंवा मेरीत नोकरी करून निवृत्त झालेलं तुमच्या ओळखीत कुणी असेल आणि घरातल्या माळ्यावर जुने छापील अहवाल पडले असतील, तर रद्दीत घालण्याआधी मला कळवा. मामा सायकलवर येऊन घेऊन जातील. नोंद देणाऱ्याच्या नावानं होईल.