आंबेनळीत मऊ पडलेला ब्रेक

वाईहून निघून पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटाने पोलादपूर, महामार्गाने महाडकडे, वरंध घाट चढून भोर आणि मांढरदेव घाटाने परत वाई. फेरी साधारण २०० किलोमीटरची. याच दिशेने गेलं की रायरेश्वर, कमळगड आणि तो सगळा डोंगर उजव्या हाताला राहतो, म्हणजे खरीखुरी प्रदक्षिणा होते. पावसाळ्यात वरंध बहुधा बंद असतो आणि आंबेनळीचा भरवसा नसतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला मी दिवाळीनंतरच या म्हणतो.

त्या नोव्हेंबरात पुण्याचं एक कुटुंब दोन गाड्या घेऊन आलं होतं. पुढची डिझेल गाडी मी चालवत होतो. मागची पेट्रोल ऑटोमॅटिक त्यांचे जावई चालवत होते, आत चार माणसं आणि सामान. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आणि पोलादपूर कोकणाच्या तळाला. मधल्या ४० किलोमीटरमध्ये गाडी १,२०० मीटरहून जास्त उतरते. 'डी'त, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हवर, गाडी स्वतःच वरचा गिअर घेते आणि उतारावर इंजिन तिला रोखून धरत नाही. निघताना मी एवढंच म्हणालो, "साहेब, लिव्हर 'डी'त ठेवू नका." त्यांनी मान हलवली. दाखवून द्यायला हवं होतं. ती चूक माझी.

प्रतापगड फाटा मागे पडल्यावर फोन वाजला. "काका, जळका वास येतोय, आणि ब्रेक अगदी खाली जातोय." याच घाटात २८ जुलै २०१८ ला सहलीची बस दरीत गेली होती, एकच माणूस वाचला. ते डोक्यात आलंच. फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं. "लिव्हर 'एम'मध्ये घ्या. वजाकडे एकदा. आता परत एकदा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. गाडी बंद करू नका, न्यूट्रल तर मुळीच नको. ब्रेकचं पेडल भराभर दाबा-सोडा आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा." 'एम'मध्ये गिअर हाताने बदलतो, वजाकडे ढकललं की एक गिअर खाली येतो आणि इंजिनच गाडी रोखतं. इंजिन बंद पडलं की पेडल दगडासारखं होतं, म्हणून गाडी बंद न करण्याची सूचना. पुढे डोंगराच्या अंगाला रुंद जागा होती. गाडी कशीबशी तिथे येऊन थांबली. पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता.

आधी चाकांच्या उताराकडच्या बाजूला दगड लावले, लिव्हर 'पी'त, म्हणजे पार्किंगवर, टाकला आणि हँडब्रेक सोडला. तापलेल्या ड्रमवर तो ओढून ठेवला तर तिथेच चिकटून बसतो. मेहुण्यांनी पाण्याची बाटली आणली, ती मी मागे फिरवली. ब्रेकच्या लाल तापलेल्या डिस्कवर पाणी पडलं की ती वाकडी होते, कधी तडकतेही. मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. चाळीस मिनिटं नुसतं बसायचं, दुसरा उपाय नाही.

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतो. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे डिस्कला घासून गाडी थांबवणारे पॅड तापून गुळगुळीत झालेत. पेडल स्पंजासारखं खाली जातंय, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलंय. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर त्या वाफेतच जिरतो. इथे दुसरा प्रकार होता. बॉनेट उघडून डबीत पाहिलं तर ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं. ते हवेतलं पाणी पितं. नवं डॉट-४ प्रतीचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. लोक पातळी बघतात आणि झाकण लावतात.

गार झाल्यावर पेडल बरंचसं वर आलं. तरी मी दुसऱ्या गिअरवर, २० च्या वेगाने, स्वतः गाडी उतरवली. पुढची गाडी सासऱ्यांनी आणली. पोलादपुरात गॅरेजवाल्याने जुनं ऑइल काढलं, नवं भरलं आणि लांबच्या चाकापासून सुरू करून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. पॅड तपासले, जाडी पुरेशी होती.

वरंध चढताना काही अडचण नव्हती. वाघजाईपाशी भजी खाल्ली. तिथे माकडं हातातून उचलतात, काचा वर ठेवा. पुढे नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेने भोर, आणि मग मांढरदेवचा उतार. तो जावईच उतरले. माझ्या आरशात त्यांचे दिवे एकसारख्या अंतरावर होते. सरळ पट्ट्यात ब्रेक लावून सोडायचा, वळणात इंजिनावर सोडायचं, एवढं त्यांना जमलं होतं.

वाईत पोचल्यावर त्यांच्या पुढच्या चाकाजवळ तळवा धरून पाहिला. भाकरी होऊन अर्धा तास झाल्यावर तवा असतो, तेवढीच ऊब होती.